लीड्सच्या घरातला थंड रेडिएटर : भाऊ, नागपूरहून व्हॉल्व्ह आणू नका

मनीष नगरच्या एका भाऊंनी विचारलं आहे की ऑक्टोबरात बायको अन् लहान मुलीला घेऊन लीड्सला चाललो, भाड्याच्या घराच्या व्हिडिओ कॉलवर बेडरूमचा रेडिएटर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी फिरवून खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनेल, थंडच होता, एजंट म्हणतो व्हॉल्व्ह जाम असेल, तर इतवारीतून एक-दोन व्हॉल्व्ह अन् पान्हा घेऊन येऊ का, तिकडे प्लंबर लई महाग म्हणतात.

नका आणू बाप्पा. इथं रेडिएटरला बहुतेक १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप येते अन् त्याला थर्मोस्टॅटवाला, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडबंद होणारा, वेगळाच व्हॉल्व्ह लागते, आपल्या नळाच्या कॉकचं तिथं काहीच काम नाही. अन् मुख्य गोष्ट म्हणजे घर भाड्याचं आहे ना, मग तो खर्चच तुमचा नाही. इंग्लंडमध्ये १९८५ चा लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट आहे, त्याच्या कलम ११ मध्ये हीटिंग अन् गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवायची जबाबदारी घरमालकाची, सात वर्षांच्या आतल्या करारांना ते लागू होते, म्हणजे तुमच्या करारालाही. तुम्हाला फक्त बिघाड कुठं आहे ते ओळखता आलं पाहिजे. नाहीतर "रेडिएटर चालत नाही" एवढंच लिहाल तर एजंट म्हणेल हवा काढून पाहा, मग म्हणेल थोडा वेळ चालू ठेवून पाहा, अन् तेवढ्यात डिसेंबर येते.

तर किल्ली हातात आली की त्याच दिवशी, बाहेर थंडी असो नसो, हीटिंग चालू करा अन् सगळ्या रेडिएटरची मुंडकी ५ वर फिरवा. मुंडकं म्हणजे खाली कोपऱ्यात जे आकड्यांचं प्लास्टिक असते ते, ३ म्हणजे साधारण २० डिग्री, अन् चांदणीचं चिन्ह म्हणजे फक्त पाइप गोठू नये एवढंच. अर्ध्या तासानं हात लावत फिरा. वरून थंड अन् खालून गरम असेल तर हवा अडकली, व्हॉल्व्ह ठीक आहे. वर गरम अन् खाली मधोमध थंड, तर आत गाळ साचला. पण पाइप व्हॉल्व्हपर्यंत चांगला गरम अन् रेडिएटर पूर्ण थंडगार, तर मग व्हॉल्व्हवर संशय घ्या. त्याआधी मुंडक्यावर पडदा तर नाही ना, सोफा तर चिकटून नाही ना ते पाहून घ्या, कारण मुंडकं आपल्या आजूबाजूची हवा मोजते, पडद्यामागं ऊब साचली की त्याला वाटते खोली गरम झाली अन् ते बंद करून टाकते.

आता मुंडकं ५ वर ठेवूनच त्याची खालची रिंग हातानं सैल करा, ते निघून येते, पाणी येत नाही, घाबरू नका. आत एक बारीकशी पिन दिसेल. चमच्याच्या मागच्या बाजूनं दाबली तर ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन आपोआप वर आली पाहिजे. वर येते अन् मुंडक्याशिवाय रेडिएटर गरम होते, म्हणजे मुंडकं मेलं, व्हॉल्व्ह चांगला आहे. खालीच रुतून बसली असेल तर पिन जाम. आपल्याकडे आठ महिने माळ्यावर पडलेला कूलरचा पंप मार्चमध्ये लावला की फिरतच नाही ना, तसंच आहे हे, उन्हाळाभर लोक मुंडकं शून्यावर ठेवतात अन् पिन दबलेलीच राहते. पान्ह्याच्या दांड्यानं बाजूनं हलकं टकटक करा, थोडा सिलिकॉन स्प्रे मारा, दाबत राहा, पुष्कळदा सुटते. पक्कडीनं मात्र ओढू नका. पिन हातात आली तर काळं पाणी सरळ कार्पेटवर, अन् कार्पेटचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून.

उलटंही होते, चांदणीवर ठेवलं तरी रेडिएटर तापतच राहते. तेव्हा मुंडकं खराब किंवा पिन उघडीच अडकली.

हॉलमधल्या रेडिएटरला मुंडकंच नसेल तर तक्रार करू नका. भिंतीवरचा मेन थर्मोस्टॅट जिथं असते तिथला रेडिएटर मुद्दाम उघडा ठेवतात, नाहीतर तिथला व्हॉल्व्ह बंद होईल, थर्मोस्टॅटला खोली थंडच वाटत राहील अन् बॉयलर उगाच चालत राहील, गॅसचं बिल तुमचं.

घरात गरम पाण्याची टाकी असेल अन् सगळेच रेडिएटर थंड असतील तर टाकीजवळच्या कपाटात पाइपवर धातूची डबी शोधा, बाजूला छोटा लिव्हर असते, तो मोटरचा व्हॉल्व्ह, रेडिएटरकडे गरम पाणी सोडणारा. दोन तोंडांचा असेल तर हीटिंग चालू असताना लिव्हर ढिला लागला पाहिजे, स्प्रिंगचा ताण लागून राहिला तर मोटरनं व्हॉल्व्ह उघडलाच नाही. डबीला २३० व्होल्ट येतात, तिथं पाहायचं अन् सोडून द्यायचं. टाकी नसलेला कॉम्बी बॉयलर असेल अन् हीटिंग बंद असूनही गरम नळ सोडला की रेडिएटर तापून राहिले, तर आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे गरम पाणी नळाकडे की रेडिएटरकडे ते वळवणारा, बिघडला. बॉयलर उघडायचं काम गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाचंच, कार्ड मागा, कार्डाच्या मागं त्याला कोणतं काम करता येते ते लिहिलं असते.

पुढं कधी स्वतःचं घर घ्याल तेव्हा पूर्ण व्हॉल्व्ह बदलता येते, दहा-वीस पौंडात साधा मिळते, पण सिस्टिमचं पाणी काढा, एका पान्ह्यानं व्हॉल्व्ह धरून दुसऱ्यानं नट सोडा म्हणजे पाइप पिळणार नाही, रेडिएटरच्या पलीकडच्या टोकाचा टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे बसले ते लिहून ठेवा अन् तेवढेच परत उघडा, मग पाणी भरून थंड असताना प्रेशर १ ते १.५ बार, अन् गंज न लागायचं औषध म्हणजे इनहिबिटर परत टाका. भाड्याच्या घरात यातलं काहीच करू नका.

सध्या एवढंच करा, एजंटला फोन नको, ईमेल करा : कोणती खोली, पाइप गरम रेडिएटर थंड, मुंडकं काढून पाहिलं, पिन वर येत नाही, सोबत फोटो. अन् त्याच मेलमध्ये यंदाचं गॅस सेफ्टी सर्टिफिकेट मागा, ते राहायला जायच्या आधीच द्यावं लागते त्यांना. घरात लहान लेकरू आहे हेही लिहा. तरी हलले नाही तर सिटी कौन्सिलमध्ये भाड्याच्या घरांच्या तक्रारी घेतात, तिथं हाच मेल पाठवा.