ओंडका ओढताना साखळी कोठे बांधावी?

प्रश्न : आमच्या परड्याच्या खालच्या दळीत (उतारावरच्या पायरीसारख्या शेतात) वादळी वाऱ्याने पडलेल्या जुन्या फणसाचा ओंडका आहे. घेर साधारण १.६ मीटर, लांबी ३ मीटर. घरी बागेच्या कामासाठी घेतलेला लहान ट्रॅक्टर आहे. साखळी टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) कडीला बांधून ओढून पाहिले, तेव्हा ओंडका जागचा हलला नाही, पण ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली. वडील म्हणतात की बोनेटवर दोघांना बसवून ओढावे. हे योग्य आहे का? (एक वाचक, तालुका राजापूर)

उत्तर : बोनेटवर कोणालाही बसवू नका, आणि टॉप लिंकच्या कडीला साखळी पुन्हा कधीही बांधू नका. पुढची चाके उचलली गेली तेव्हा आपण थांबलात, हे फार चांगले झाले.

चाके का उचलली गेली, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. ओंडका अडकलेला असला की मागची चाके पुढे फिरू शकत नाहीत. मग इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या ॲक्सलभोवती फिरवू लागतो आणि नाक वर जाते. त्यातच साखळी ॲक्सलपेक्षा उंचावर बांधलेली असेल, तर तिचा ताणही ट्रॅक्टरला त्याच दिशेने, म्हणजे मागे खेचतो. असा ट्रॅक्टर सावरण्याच्या पलीकडे जायला एक सेकंदही लागत नाही. धोका लक्षात येऊन पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून चालकाच्या चपळाईवर भिस्त ठेवता येत नाही. साखळी कोठे बांधली आहे, यावरच सारे अवलंबून असते.

ती जागा म्हणजे ड्रॉबार, म्हणजेच ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेली ओढण्याची पट्टी. ड्रॉबार ॲक्सलच्या खाली असल्यामुळे नाक वर जाऊ लागले की तो आणखी खाली जातो आणि ओढ आपोआप कमी परिणामकारक होते. हायड्रॉलिकच्या खालच्या दोन आर्ममध्ये (अवजार उचलणाऱ्या दांड्यांमध्ये) आडवी पट्टी बसवून तिला साखळी लावण्याची पद्धत आहे. तीत ओंडक्याचे टोक थोडे उचलता येते, त्यामुळे ते जमिनीत रुतत नाही. मात्र जमिनीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतची उंची टेपने मोजा आणि ती पट्टी त्या उंचीच्या वर कधीही नेऊ नका.

आता वजनाचा हिशेब. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि १२.५७ ने भागावे, म्हणजे घनमीटर मिळतात. आपल्या ओंडक्याचे सुमारे ०.६ घनमीटर होतात. ओल्या लाकडाचे वजन पाण्याइतके धरले, तर हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. म्हणजे सुमारे ६०० किलो. लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन बहुधा ६५० ते १,००० किलोच्या दरम्यान असते. सपाट, कोरड्या जमिनीवर एवढा ओंडका सावकाश सरकेलही, पण दळीतून वर खळ्याकडे चढावाने तो ओढणे मला मान्य नाही. फळ्यांसाठी पूर्ण लांबी नको असेल, तर जागेवरच दोन तुकडे करून घ्या.

पूर्ण लांबी हवीच असेल, तर ट्रॅक्टर दळीत उतरवू नका. तो वर सपाट जागेवर ठेवा आणि लांब पोलादी दोर व कप्पी वापरून ओंडका वर घ्या. दोराचे एक टोक वरच्या भक्कम झाडाला बुंध्याशी अगदी खाली, रुंद पट्ट्याने बांधा. दोर ओंडक्यावरच्या कप्पीतून फिरवून दुसरे टोक ड्रॉबारला लावा. घर्षण सोडल्यास ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. पोफळीला किंवा जांभ्याच्या गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेवर मुळे उघडी पडलेल्या झाडाला हा भार देऊ नये. दोर जेथून जाईल तेथील गडग्याचे सुटे चिरे आधी काढून ठेवा.

साखळी उचलण्याच्या कामासाठी बनवलेली, ग्रेड ८० ची घ्यावी; ८ मिलिमीटर जाडीच्या अशा साखळीची सुरक्षित भारक्षमता २ टन असते. नायलॉनचा दोर ताणून तुटला की झटक्याने परत येतो आणि माणूस दगावू शकतो, म्हणून तो येथे वापरू नये. ओंडका हलत असताना ताणलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये. दोराच्या कोनाच्या आतल्या बाजूला आणि ओंडक्याच्या उताराकडच्या बाजूला तर मुळीच नाही. लो गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत ओढा. हिसका देऊ नका. अडले तर थांबा, पहारीने ओंडका थोडा वळवा, मग पुन्हा ओढा. दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना जोडलेली असावीत. ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट असेल, तर पट्टा बांधूनच बसा; नसेल, तर ती बसवून घेण्यावर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पावसाळ्यात दळीतली माती निसरडी असते, तेव्हा हे काम दिवाळीनंतर जमीन सुकल्यावर काढावे.

फणस आणि आंबा हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. लाकूड रस्त्याने गिरणीवर नेण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा.

प्रश्न : क्रेन नाही. मोठा ओंडका ट्रॉलीत कसा चढवावा? (एक वाचक, तालुका गुहागर)

उत्तर : लोटून नव्हे, दोरांच्या फेऱ्यात घेऊन. ट्रॉलीच्या बाजूची फळी काढून दोन जाड, लांब सोट तिरपे टेकवून बांधा. दोन दोरांची टोके ट्रॉलीच्या त्याच कडेला पक्की करा, ते सोटांवरून खाली ओंडक्याखालून नेऊन वरून परत आणा आणि ट्रॉलीच्या पलीकडे ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला लावा. ओंडका दोरांच्या फेऱ्यात गोल फिरत वर चढतो आणि जोर निम्मा लागतो. दोन दोरांची लांबी सारखी नसली की ओंडका तिरका होतो, म्हणून दोन-दोन हात ओढून थांबावे आणि पाहावे. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा, जूखाली टेकू द्या. चढत्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणी नसावे. तो सरकलाच, तर हाताने आवरण्याचा प्रयत्न करू नये. ओंडका वर आला की आधी त्याला दोन्हीकडून पाचरी माराव्यात, मग साखळीने आवळावे, आणि त्यानंतरच दोर सोडावेत.