इंदूरला घरी दोन लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत. एकावर शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्यावर फायरवॉल बंद केला तरच उघडतं. विंडोज ११ आहे. काय करावं?

फायरवॉल पुन्हा चालू करा आणि फोल्डर ज्या लॅपटॉपवर आहे, तिथे वायफायचा प्रोफाइल 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' करा: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग तुमच्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. नवीन वायफाय जोडलं की विंडोज ते सहसा पब्लिक धरतं, आणि पब्लिकमध्ये फाइल शेअरिंगचं टीसीपी पोर्ट ४४५ (ज्या वाटेने फाइल्सची देवाणघेवाण होते ती) इतर उपकरणांसाठी बंद असतं. फायरवॉल काढल्यावर फोल्डर उघडतं ते म्हणूनच. नंतर 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटखाली ही दोन्ही बटणं चालू करा:

- नेटवर्क डिस्कव्हरी
- फाइल अँड प्रिंटर शेअरिंग

तरीही लॅपटॉपचं नाव दिसत नसेल, तर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश (\\) आणि फोल्डर असलेल्या लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून पाहा. नाव न दिसणं आणि फोल्डर न उघडणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. पासवर्ड मागितला तर त्या लॅपटॉपवरच्या खात्याचा पूर्ण पासवर्ड द्या. पिन इथे चालत नाही. अँटीव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल असेल, तर हाच बदल त्यातही करावा लागेल.

मात्र प्रायव्हेट फक्त घरच्या वायफायवर ठेवा. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या होस्टेलसारख्या सामायिक वायफायवर पब्लिकच हवं, नाहीतर तुमचा लॅपटॉप तिथल्या सगळ्यांना दिसू शकेल.