दहा दिवसांतलं उत्तर

प्रश्न : ताई, मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला सुपरवायझर आहे. वय ४७. आमच्याकडच्या एका ट्रेनी मुलीने कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीकडे माझी तक्रार केली आहे. तीन गोष्टी लिहिल्यात. सेकंड शिफ्टला गेज रूममध्ये (मोजमापाची उपकरणं असतात तिथे) रीडिंग दाखवताना मी खांद्यावर हात ठेवला, रात्री मेसेज करतो, आणि खंडेनवमीच्या पूजेला सगळ्यांदेखत साडीवरून बोललो. पहिलं साफ खोटं आहे, त्या वेळी मी डिस्पॅचला होतो. मेसेज कामाचेच असतात, मध्येच एखादा ‘जेवलीस का?’ एवढाच. साडीच्या बोलण्यावर सगळेच हसले, तीसुद्धा हसली. गुरुवारी तक्रारीची प्रत हातात पडली. एचआरचे साहेब म्हणतात, दोन ओळींची माफी लिहून द्या, मिटवून टाकू. लाइनवरच्या पोरांनी माझ्या बाजूने सह्यांचा कागद केलाय. मेहुणा म्हणतो, अब्रुनुकसानीची केस ठोक. मुलीचे वडील बायकोच्या माहेरच्या ओळखीतले निघाले, तर ती म्हणते घरी जाऊन बोलू. माझी स्वतःची मुलगी बारावीला आहे. काही सुचत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, अंकाची वाट बघितली असती तर तुमची मुदत टळली असती, म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच कळवलं. इथे तुमच्या संमतीने, ओळख पटेल ते बदलून छापतोय.

पहिली गोष्ट, त्या मुलीच्या घरी जायचं नाही. तुम्ही नाही, वहिनी नाही, ओळखीतले काकाही नाहीत. तुम्ही कितीही हात जोडून गेलात तरी त्या घरात त्याचा अर्थ ‘साहेब दबाव आणायला आले’ असाच होईल, आणि समितीपुढे तो चौथा मुद्दा होऊन येईल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात समेटाची सोय आहे, कलम १०. पण तो मागायचा हक्क तिचा, तोही चौकशी सुरू होण्याआधी आणि समितीमार्फत. पैशांवर तर तो करताच येत नाही.

एचआरच्या साहेबांची माफीची कल्पना त्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. जे केलंच नाही म्हणता त्याची माफी लिहून दिलीत, तर उद्या तो कागद कबुली म्हणूनच वाचला जाईल. हेच साहेब समितीवर असतील तर ‘यांनी मला आधीच मिटवायला सांगितलं आहे’ अशी हरकत अध्यक्षांकडे लेखी नोंदवा. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई आहे का, निम्म्या तरी सदस्य बायका आहेत का, बाहेरची एक व्यक्ती आहे का, तेही बघून घ्या.

सह्यांचा कागद आजच थांबवा. गेज रूममध्ये नसलेल्या पोरांची सही त्या संध्याकाळबद्दल काय सांगणार? तो कागद एवढंच सांगतो की तक्रार तुम्ही लाइनभर केलीत. तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर जाऊ देऊ नयेत, असं कलम १६ म्हणतं. अशाच कंपन्यांच्या समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. ‘माणूस देवासारखा आहे’ ही पत्रं बहुतेक फायलींत असतात आणि कुणी ती दुसऱ्यांदा उघडत नाही.

तुम्ही बोलायची जागा एकच : लेखी उत्तर. प्रत मिळाल्यापासून कामाचे दहा दिवस. सोबत कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. डिस्पॅचला होतात ना? मग त्या गाडीच्या चलनावर तुमची सही आणि वेळ असेल, गेटच्या रजिस्टरात गाडी सुटल्याची नोंद असेल, लोडिंगला कोण होतं त्याचं नाव असेल. ते जोडा. गेज रूमबाहेरच्या पॅसेजचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग जपून ठेवावं असं समितीला उत्तराच्या आधीच लिहून द्या, कारण जुन्यावर नवं चढत राहतं. आणि चलनावरची वेळ तुमच्या आठवणीशी जुळली नाही, तर आठवण सुधारा, चलन नव्हे.

आता मेसेज. इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. तुम्ही लिहिता ‘कामाचेच’, आणि पुढच्याच वाक्यात ‘जेवलीस का’ येतं. रात्री विचारलेल्या या प्रश्नाचा कॅलिब्रेशनशी काय संबंध? तुमच्या मनात वाईट नसेलही. पण कायदा आधी बघतो की समोरचीला ते नको होतं का. ट्रेनीचा कन्फर्मेशनचा फॉर्म तुमच्या टेबलावरून जातो. ती ‘हो सर, तुम्ही?’ असं लिहिणारच, खंडेनवमीला चारचौघांत हसणारच. तिच्या जागी तुमची लेक, असं मी म्हणणार नाही, ते सगळेच म्हणतात. तिच्या जागी तुम्हीच विशीतले आणि समोर प्लांट हेड, एवढं धरून ते चॅट पहिल्यापासून वाचा. एकही मेसेज खोडू नका; तिच्या फोनवर ते आहेतच. पूर्ण चॅट तारखा-वेळांसह द्या, सोयीचे चार स्क्रीनशॉट नकोत. ‘हे मेसेज मी केले, यातले हे कामाचे नव्हते’ असं सरळ लिहा. साडीबद्दल जे बोललात तेही शब्दशः लिहा. झालेलं झालं म्हणणाऱ्याचं ‘हे झालं नाही’ जास्त वजनाने ऐकलं जातं. निदान मी तरी तसं ऐकते.

मेहुण्यांना सांगा, केसचं नंतर बघू. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी ठरली असं कलम १४ मानत नाही. दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत दाखवावा लागतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात ‘सूडबुद्धीने’ वगैरेने करू नका.

सुनावणीला वकील चालत नाही, बाहेर सल्ला जरूर घ्या. सबळ कारण न देता लागोपाठ तीन तारखा चुकवल्यात तर समिती पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय देऊ शकते. तिच्या मागणीवरून चौकशीपुरती तुमची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, तर ती शिक्षा समजून रुसू नका. चौकशीला नव्वद दिवस, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत दोघांनाही, तो पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील. तुमचे साक्षीदार किंवा कागद घाईघाईत डावलले तर तेही लेखी मांडा. गोवा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये अशाच घाईपायी रद्द केली. त्याला निर्दोष ठरवलं नाही हं, चौकशी पुन्हा नीट करा म्हणून परत पाठवली.

उत्तर अध्यक्षांच्याच हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्याआधी ते चॅट वहिनींना दाखवा. चौकशीत त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर त्यावर मुदत घालून उत्तर मागणारी समिती कुठलीच नसते.