बेकविथ-वीडमन सिंड्रोम असलेल्या मुलीची दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी : इतर पालकांना काय वाटतं?

हसत्याखेळत्या पोरीमागे दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीचं हे शुक्लकाष्ठ कशाला, असं सासूबाई म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय आणि इतर पालकांचं मत विचारलंय. आमच्या कोथरूडच्या घरीही हेच ऐकलं. तरी माझं मत, चुकवू नका.

हा सिंड्रोम म्हणजे शरीराची वाढ जास्त होण्याचा जन्मजात विकार, त्यात कर्करोगाच्या गाठींचा धोका वाढतो. तरी बहुतेक मुलांना गाठ होतच नाही. पण विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग, झाला तर झपाट्याने वाढतो आणि बरेचदा पोट दुखतही नाही. म्हणून तीन-तीन महिन्यांचं अंतर, तेही साधारण सात वर्षांची होईपर्यंत. वेळीच सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरणही नसतात.

ओळखीतले पालक म्हणतात, आदल्या आठवड्यात झोप उडते, रिपोर्ट नॉर्मल आला की पुढचे तीन महिने निभतात. एका आईला तर सातव्या वर्षी तपासणी बंद होईल याचीच धास्ती आहे! (मला ते पटतं.)

उपाशीपोटी बोलावलं असेल तर सकाळचा पहिला नंबर घ्या, डबा सोबत ठेवा. पोटावर लावायचं जेल गार असतं, कोमट करून मागा. निम्मी रडारड तिथेच वाचते. आणि सासूबाईंना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, सुनेपेक्षा त्यांचं ऐकतील.