लेंटमध्ये पहिल्यांदाच नेम घेणाऱ्यासाठी

अरे पहिलंच लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, आहे ना तुझं, मग एकदम दहा नेम घेऊ नकोस, एकच घे आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत नीट निभाव. मी पाण्याचा घेतलाय. पुण्यात याच दिवसांत ऊन चढतं, खडकवासल्याचं पाणी खाली जायला लागतं, म्हणून शॉवर बंद, एका बादलीत अंघोळ आणि भाज्या धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला. मटण आपण सोडतो पण पार्सलचे प्लास्टिकचे डबे चालूच, हे मला फार खटकतं रे. बायबलमधलं उत्पत्ती २:१५ वाच, आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. पार्सल बंद करून वाचलेले पैसे दानाला दे. शनिवारी मुठेकाठचा कचरा उचलायला ये, हातमोजे मी आणतो.