मेलेली माणसं जेवायला बसतात तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुपटाची संहिता दोनदा वाचली. म्हातारी राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालते, ‘घर माणसांनी भरलेलां ऱ्हवांदे,’ आणि दुसऱ्या दिवसापासून घरातली मेलेली माणसं एकेक करून जेवायला येऊ लागतात. चतुर्थीला मुंबईहून मुलगा येतो, तर त्याला पाट उरलेला नाही. बारा पानं आहेत, म्हणजे पडद्यावर साधारण बारा मिनिटं. गोष्टीला हात लावू नकोस. तू विचारलं आहेस ते माणसांबद्दल: कोणाला घ्यायचं, कोणाकडून काय करून घ्यायचं. त्याबद्दलच लिहितो.

आधी एक नियम ठरव आणि पहिल्या बैठकीतच सगळ्यांना सांग. या फिल्ममध्ये काहीतरी विचित्र चाललंय हे कुणालाच माहीत नाही. आपल्या जुन्या गोष्टी अशाच चालतात. चिमणीच्या दारात कावळा भिजत उभा असतो आणि ती आतून शांतपणे ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ म्हणत राहते. शेवटी काही घरांत तो कावळा तापल्या तव्यावर बसतो, आणि आजी ते सांगताना आवाज बदलत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. भीषण गोष्ट सरळ चेहऱ्याने सांगितली की हसू येतं, आणि सांगणारा डोळा मारू लागला की मरतं. नटाने डोळा मारला तर तो दिसतो तरी. संगीतकाराने मारलेला डोळा दिसत नाही आणि जास्त नुकसान करतो. मेलेल्या काकाच्या एंट्रीला ‘टुंईं’ असा आवाज टाकणारा माणूस कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस.

आता आजी. सगळी फिल्म तिच्यावर उभी आहे. नटी निवडताना तिला रडायला लावू नकोस, घाबरायलाही लावू नकोस. एकच प्रसंग दे: दार उघडतं, बुडून मेलेला नवरा उभा आहे, धोतरातून पाणी गळतंय. ती म्हणते, ‘पाय पुसून येवा, आत्ताच सारवलंय.’ बघायचं ते इतकंच, की तिची नजर आधी कुठे जाते. आधी चेहऱ्याकडे गेली तर तो भुताचा सिनेमा झाला. आधी जमिनीवरच्या पाण्याकडे गेली, कपाळाला आठी पडली आणि मग चेहऱ्याकडे गेली, तर ती तुझी आजी. नजर वर येताना तिथे थोडं थांबणं हवं; चाळीस वर्षांनी दिसतोय तो. पण ते थांबणं नटीने स्वतःहून लांबवलं तर लगेच गळा काढल्यासारखं होतं. दोन टेक लांब घे, दोन आखूड घे, संकलनात ठरव.

याच शॉटमध्ये एक अडचण आहे, तुझ्या लक्षात आली नसेल. शेणाने सारवलेली जमीन पाण्याने निसरडी होते, पोपडे निघतात, आणि दुसऱ्या टेकआधी पुन्हा सारवून वाळवायला दोन-तीन तास जातात. उंबऱ्याच्या आत बसेल असे तीन बाय तीन फुटांचे प्लायवूडचे दोन तुकडे आदल्या दिवशी सारवून ठेव. एक भिजला की दुसरा लाव. कडा दिसतात, त्यांवर पायपुसणं टाक. धोतरं एकाच जातीची तीन घे. पाणी कोमट ठेव, कारण नट थंडीने कुडकुडला की मेलेला वाटत नाही. चेहऱ्यावरचे थेंब टिकवायला ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं फवार, मात्र डोळ्यांपासून लांब.

मेलेल्या माणसांसाठी तुझ्या मनात दशावतारी नट आहेत, म्हणजे कोकणात देवळांच्या जत्रांत रात्रभर पौराणिक नाटक करणारे. चांगली कल्पना आहे, पण ते काय घेऊन येतात ते समजून घे. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. समोरच्याने टाकलेला शब्द जागच्या जागी उचलायची त्यांची तयारी शहरातल्या नटाला वर्षानुवर्षं घासून येत नाही. पण दर टेकला वाक्य वेगळं येईल, हात वेगळ्या वेळी उठेल, आणि आवाज देवळाच्या पटांगणाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा लागेल. हे सुधारत बसलीस तर त्यांचं बळच जाईल. त्यांचे प्रसंग दोन कॅमेऱ्यांनी घे, म्हणजे सवाल आणि जबाब एकाच टेकमधले मिळतील. आवाजासाठी ‘हळू बोला’ म्हणू नकोस. ‘पलीकडच्या खोलीत मूल निजलंय’ असं सांग, लगेच जमतं. आणि आजोबांच्या आईची भूमिका पुरुषाला द्यायचा मोह होत असेल तर जरूर दे, दशावतारात स्त्रीपात्रं पुरुषच करत आले आहेत. फक्त त्यावर विनोद करू नकोस. ती पणजी आहे, बस्स.

आता तारखा. त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रांचा हंगाम सुरू होतो. मग हे नट रात्रभर उभे असतात आणि दिवसा झोपतात. त्याआधी भाद्रपदात पाऊस, आणि चतुर्थीला गाव चाकरमान्यांनी भरलेला. कोजागरी ते त्रिपुरी हा एक महिनाच तुझा, आणि त्यातही दिवाळीचे दिवस वजा. चार दिवसांचं शूटिंग त्यात बसव. पण दिवाळीपर्यंत सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, पिवळे पडलेले असतात आणि भात कापलेलं असतं. तुझ्या गोष्टीत तर चतुर्थी आहे. म्हणून बाहेरचे तीन शॉट, म्हणजे पाणंदीतून बॅग घेऊन येणारा मुलगा, ओली कौलं आणि हिरवा सडा, हे चतुर्थीच्या आठवड्यातच उरकून घे. दोन माणसं आणि एक छत्री पुरे. त्या आठवड्याची रेल्वेगाडी हवी असेल तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, उघडल्या सकाळीच बस.

शेवटचा शॉट, मेलेली माणसं रांगेने समुद्रात परत जातात तो, पंचांग बघून लाव. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अवसेच्या सुमारास सूर्यास्ताला सुकती मिळते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. ओली वाळू आरशासारखी चकाकते. अष्टमीला गेलीस तर त्याच वेळी भरती. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा पहिल्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवसाचा हिशेब तयार ठेव. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघच, आणि एक रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, सोबत घे. वाळू कुठे खचते ते तक्त्यात नसतं. धोतर-लुगड्यातली माणसं गुडघ्यापलीकडे पाण्यात न्यायची नाहीत. उरलेलं कॅमेरा खाली ठेवून भागतं.

ध्वनिमुद्रकावर पैसे वाचवू नकोस. किनाऱ्यावरच्या घरात समुद्राची गाज सतत असते आणि भरतीबरोबर बदलते. सकाळी घेतलेलं वाक्य आणि दुपारी घेतलेलं उत्तर जोडलंस की मागचा समुद्र उडी मारतो. दर प्रसंगाच्या शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून दोन मिनिटांची नुसती गाज रेकॉर्ड करून घे. त्या सांध्यांवर तेच पांघरूण पडतं. लुगड्याच्या पदराखाली लावलेला माइक खसखसतो, आजीसाठी काठीवर वरून धरलेला बूम माइकच बरा. आणि मेलेल्यांच्या नाकात कापूस ठेवायची तुझी कल्पना मला फार आवडली, पण कापसाने आवाज गेंगाणा होतो. सहा जण गेंगाणे बोलू लागले तर पहिल्या मिनिटाला हशा येईल, तिसऱ्या मिनिटाला वैताग. कापूस एकट्या काकाला ठेव. बाकीच्यांना त्याचा राग येऊ दे: ‘तो काढ आधी, मगे बोल.’ दुपारपर्यंत कापूस ओला होऊन आत सरकतो. रंगभूषेवाल्याने दर दोन तासांनी बदलायचा आणि फोटो काढून ठेवायचा. कुठल्या नाकपुडीतून किती बाहेर दिसत होता ते संकलकाला दिसतं.

रंगभूषेचं म्हणशील तर सफेदा नको. ओठ, कानाच्या पाळ्या आणि नखं यांतला लालपणा घालव, तेवढं कॅमेऱ्याला पुरतं. माडावरून पडलेल्या काकाला रक्त हवंच असेल तर कोकमाचं आगळ वापरायचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. ऐकू नकोस. कॅमेऱ्यात ते जांभळट दिसतं, आणि डागाला साबण लागला की निळसर पडतं. साखरेचा घट्ट पाक एक वाटी, खायचा लाल रंग एक चमचा, चिमूटभर कोको. आधी कापडावर लावून उजेडात बघ.

आता पंगत. ही तुझी सगळ्यात अवघड चार पानं, आणि संहितेत तू फक्त ‘सगळे जेवतात’ लिहिलं आहेस. नऊ माणसं जेवताना बोलतात. प्रत्येकाचा हात कुठे, घास कितवा, पानात काय उरलं, हे सांभाळायला एक स्वतंत्र माणूस लागतो. त्याला दुसरं काहीही काम देऊ नकोस, चहाही आणायला लावू नकोस. समोरासमोर दोन ओळी बसव आणि आजी वाढत मधून फिरू दे. कॅमेरा एकाच ओळीच्या पाठीमागच्या बाजूला राहील असं ठरव, नाहीतर कोण कोणाकडे बघून बोलतंय ते कळणार नाही. केळीचं पान दिव्याखाली तासाभरात मलूल होतं. माणशी चार धर, म्हणजे छत्तीस पानं, ओल्या पंचात गुंडाळून सावलीत ठेवायची. भात कोरडा पडतो, वर पाण्याचा हबका मार. घास छोटे घ्यायला सांग. आठव्या टेकला पोट भरतं आणि चेहऱ्यावर दिसतं. सार मसाल्याशिवाय कर. ‘निस्त्याक काय हा?’ (कालवणाला काय आहे?) हे वाक्य पणजोबाच्या तोंडी सगळ्यात शेवटी ठेव, आणि त्यानंतर कोणालाही हसू देऊ नकोस. आजीने फक्त कोंबड्याकडे बघायचं.

कोंबड्यावरून आठवलं. जनावराकडून काम करून घ्यायला भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी आधी काढावी लागते. आणि नातीची भूमिका करणारी मुलगी चौदाच्या आतली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची. तिला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि तिच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. तिचे शॉट सकाळी घे. मेलेल्या माणसांना रंगभूषा होण्याआधी तिला त्यांच्याशी खेळू दे, म्हणजे ती खरोखरच घाबरणार नाही. तुझ्या गोष्टीत घाबरत नसलेली तीच तर पहिली आहे.

राखणदाराचं खरं स्थळ चित्रित करू नकोस. गावातल्या लोकांसाठी ते चालतं-बोलतं आहे, देखावा नव्हे. वेगळ्या आडबाजूला एक दगड उभा कर, गाऱ्हाण्यात गावच्या देवाचं नाव घेऊ नकोस, आणि तरीही आधी गावकर-मानकऱ्यांना जाऊन काय करणार आहेस ते सांग. संहितेची प्रत दाखवलीस तर दोन चांगली वाक्यं फुकट मिळतील. मालवणी तिथेच तपासून घे. पणजोबा, आजी आणि मुंबईचा मुलगा एकसारखं बोलतात हा तुझ्या संवादांतला मोठा दोष आहे.

छायाचित्रणकाराला दोनच गोष्टी सांग. कंदिलात दिवा लपवायचा तर बाजारातला स्वस्त एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतो. शटर सेकंदाचा एक-पन्नासांश ठेवून आधी चाचणी घ्या. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात काढला की भिंगावर दव धरतं, बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा. बाकी तो जाणतो.

सुरुवातीच्या चित्रांसाठी तू ‘चित्रकथीसारखं काहीतरी’ लिहिलं आहेस. ‘सारखं’ कशाला? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळून आहेत. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे जा, पाच चित्रं काढून घे, ठरलेले पैसे आधी दे आणि चित्रांचा वापर कुठे-कुठे करणार ते कागदावर लिही. श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ या ढिगात टाकू नकोस. चित्रकार म्हणून वेगळी ओळ दे. प्रत्येकाने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, तसंच टाईप करायचं. सारवणाऱ्या बाईंचंसुद्धा.

पुढच्या पत्राबरोबर पंगतीचा आराखडा पाठव, कोण कोणाच्या शेजारी ते नावानिशी. आजोबांच्या उजवीकडे कोणाला बसवतेस ते बघायचंय. मुलगा येईल तेव्हा उठावं लागणार ते त्यालाच.

कळावे,
आशीर्वाद