मार्चअखेरीस वाढदिवस आहे. पार्टीऐवजी मैत्रिणींना बोलावून घरामागच्या मोकळ्या जागेत बाग सुरू करायची आहे. मुंबईत जमेल का?

नक्की जमेल. आम्ही मुलुंडला केली आहे, तीही 28 मार्चला, माझ्या वाढदिवशी. तळमजल्याच्या घरामागे कंपाउंडच्या भिंतीला लागून जेमतेम आठ बाय बारा फुटांची जागा आहे. सोसायटीची लेखी परवानगी आधीच काढली होती. तीही तुम्ही काढून ठेवा, नंतर कटकट नको.

आपण वसंत म्हणतो खरं, पण मार्चअखेरीस मुंबईत उन्हाळाच लागलेला असतो. मी हौसेने मेथी आणि पालकही पेरला होता. मेथी दुसऱ्या आठवड्यात करपली, पालक वीतभरही न वाढता तुऱ्यावर गेला. ही थंडीतली पिकं, ती दिवाळीनंतर लावा. आत्ता ऊन सोसणारं घ्या: भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, भिंतीवर चढवायला दोडका किंवा कारलं. माठ महिन्याभरात काढता येतो, त्यामुळे सगळ्यांचा उत्साह टिकतो.

मैत्रिणींची खरी गरज पडते ती खणायला. आमच्याकडे कुदळ मारली की विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि सिमेंटची ढेकळंच वर येत होती. बिल्डिंगच्या मागच्या जागेत बहुतेक ठिकाणी हेच भरलेलं असतं. सहाजणींनी तीन तास आळीपाळीने खणलं, अकरा घमेली डेब्रिज निघालं. एकटीच असते तर मी तिथेच हात टेकले असते. मग दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड असं मिसळून भरलं. शेणखत ताजं घेऊ नका, त्याच्या उष्णतेने मुळं जळतात.

गिफ्ट आणू नका, घरचं काहीतरी रुजणारं आणा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. वसईची मैत्रीण ओल्या फडक्यात गुंडाळून अळूचे कंद घेऊन आली. एकीच्या आईने गवती चहाचा ठोंब दिला, एकीने कढीपत्त्याचं पिल्लू. अळू आम्ही मोरीचं पाणी जातं तिथे लावला. आता अळूवडी करायची म्हटली की तिची आठवण निघतेच.

भेंडीचं बी आदल्या रात्री भिजत घाला. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर माती जराशी उचलली गेली होती. खाली मान वाकवलेला कोंब, डोक्यावर बियाचं टरफल अजून तसंच. फोटो ग्रुपवर टाकला तर दोघी संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर बघायला आल्या.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. मे महिन्यात सगळे गावी जातात आणि बाग तेव्हाच मरते. म्हणून केक कापायच्या आधी कागद घेऊन बसा आणि मे अखेरपर्यंत कोण कोणत्या वारी पाणी घालणार ते लिहून काढा. सकाळी आठच्या आत घाला. बुंध्याशी वाळका पालापाचोळा किंवा नारळाची सोडणं पसरलीत तर ओल टिकते. जास्वंद लावलीत तर पानांची खालची बाजू बघत राहा. पिठ्या ढेकूण दिसला की लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. साधारण 11 जूनला पाऊस येतो, त्याआधी पाणी वाहून जायला चर मात्र काढून ठेवा.

मेच्या मध्यावर पहिली भेंडी निघाली, मोजून सतरा. पाणी घालायला येणाऱ्या चौघींना जेवायला बोलावलं, आणि त्या एवढ्याशा भाजीत आम्ही पाचजणी पोळीबरोबर जेवलो.